दुधाच्या दातांची निगा

भारतीय बालकांच्या आहाराचा इतिहास सांगताना म्हैसूरचे नाव दोन कारणांसाठी घ्यावे लागते. १९५० साली तेथील चेलुवांबा प्रासादात केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था सुरू झाली, आणि त्याच दशकात संस्थेतील शास्त्रज्ञांनी म्हशीच्या दुधापासून तान्ह्या मुलास पचेल अशी भुकटी तयार करण्याची रीत शोधून काढली. म्हशीच्या दुधात स्निग्धांश फार आणि ते बाळाच्या पोटात घट्ट जमते. ही अडचण दूर झाल्यावर गुजरातेतील आणंद येथील दूध उत्पादकांच्या सहकारी संघाने त्या पद्धतीने बालान्न बनवून देशभर पोहोचविले. दुसरे कारण त्याच जिल्ह्यातील आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास सेवा योजनेचा आरंभ झाला. आज गावोगावी दिसणारी अंगणवाडी ती हीच. महाराष्ट्रात धारणी व धारावी येथे, तर कर्नाटकात कावेरी व कबिनी यांच्या संगमावर वसलेल्या टी. नरसीपूर येथे ती प्रथम सुरू झाली.

बाळाने काय खावे, किती खावे, या प्रश्नांचा विचार अशा प्रकारे प्रयोगशाळेत झाला आणि खेड्यांतही झाला. परंतु खाणे झाल्यानंतर बाळाच्या तोंडात काय उरते आणि त्याचे पुढे काय होते, याकडे घराघरांतून अजूनही पुरेसे लक्ष दिले जात नाही. २००२-०३ साली झालेल्या राष्ट्रीय मौखिक आरोग्य पाहणीत पाच वर्षांच्या मुलांपैकी ५१.९ टक्के मुलांचे दात किडलेले आढळले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगातील सुमारे ५१ कोटी ४० लाख मुलांचे दुधाचे दात किडलेले आहेत. पाच वर्षांच्या मुलाच्या तोंडात दिसणारी कीड पुष्कळदा त्याच्या वयाच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षीच सुरू झालेली असते. म्हणून तिचा बंदोबस्तही त्याच वयात करावयास हवा.

दुधाचे दात कशासाठी?

"दुधाचेच दात ते, आज ना उद्या पडणारच, त्यांची एवढी काळजी कशाला?" हा प्रश्न घरोघरी ऐकू येतो. वरवर पाहता तो सयुक्तिक वाटतो. पण हे दात पडतात केव्हा, हे पाहिले म्हणजे त्यातील चूक ध्यानात येते.

बाळाच्या खालच्या हिरडीत मधले दोन दात साधारणतः सहाव्या ते दहाव्या महिन्यांत दिसू लागतात. त्यांच्यामागून वरचे पुढचे दात येतात, मग पहिल्या दाढा, सुळे आणि शेवटी दुसऱ्या दाढा. अडीच ते पावणेतीन वर्षांच्या सुमारास वीस दातांचा संच पुरा होतो. पुढचे दात सहा-सात वर्षांपासून पडू लागतात हे खरे. परंतु दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. म्हणजे बालपणीचे जवळजवळ सगळे अन्न याच दातांनी चावले जाते.

चावण्याखेरीज आणखी दोन कामे त्यांच्याकडे आहेत. पुढच्या दातांच्या आधाराने मूल त, द, स यांसारखे वर्ण स्पष्ट उच्चारू लागते. आणि प्रत्येक दुधाचा दात आपल्या खाली वाढत असलेल्या कायमच्या दातासाठी जागा राखून ठेवतो. तो अकाली काढावा लागला तर शेजारचे दात त्या जागेवर कलतात आणि मागाहून येणारा दात वाकडा येतो किंवा अडकून बसतो. दुधाच्या दाताच्या मुळाशी पू झाला तर खाली घडत असलेल्या कायमच्या दातावर डाग किंवा खड्डे पडण्याचाही संभव असतो.

याहून मोठी गोष्ट वेदनेची. मोठा माणूस दात दुखतो असे सांगतो. तान्हे मूल ते सांगू शकत नाही. ते रात्री किंचाळून उठते, घास तोंडात धरून ठेवते, एकाच बाजूने चावते किंवा खाणेच नाकारते. घरची माणसे दृष्ट काढतात, औषधे देतात, खाण्यासाठी रागे भरतात. आणि दुखणे मात्र ओठाआड दडून असते.

दात किडतो कसा?

दाताला खरोखरीची कीड, म्हणजे अळी, लागत नाही. या समजुतीचे निराकरण करणारा एक साधा प्रयोग विलोबी मिलर या बर्लिन येथे काम करणाऱ्या अमेरिकन दंतवैद्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केला. काढून टाकलेले दात त्याने लाळ आणि पाव यांच्या मिश्रणात शरीराइतक्या उष्णतेवर ठेवले. काही काळाने दातांचे कठीण आवरण मऊ पडले. पावाऐवजी चरबी घातली तेव्हा काही झाले नाही. लाळ आणि पाव यांचे मिश्रण आधी उकळून घेतले तेव्हाही दात जसेच्या तसे राहिले. उकळल्याने नाहीसे होणारे काहीतरी, अर्थात सूक्ष्म जंतू, पिठूळ पदार्थांपासून अम्ल तयार करतात आणि ते अम्ल दात विरघळविते, असा निष्कर्ष यातून निघाला. मिलरने तो १८९० साली ग्रंथरूपाने मांडला. या जंतूंपैकी एक प्रमुख जंतू, स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स, १९२४ साली क्लार्क या संशोधकाने किडलेल्या दातांतून वेगळा काढला.

पुढे १९४० च्या सुमारास रॉबर्ट स्टीफन या अमेरिकन संशोधकाने हे अम्ल प्रत्यक्ष तोंडात मोजले. साखरेच्या पाण्याने चूळ भरल्यावर काही मिनिटांतच दातांवरील जंतूंच्या थराची अम्लता झपाट्याने वाढते, आणि लाळेच्या योगाने ती पूर्ववत होण्यास अर्धा ते एक तास लागतो, असे त्याला आढळले. अम्लता मोजण्याच्या पीएच या मापात आकडा जितका लहान तितकी अम्लता अधिक. तो सुमारे ५.५ च्या खाली गेला की दंतवल्कातील कॅल्शियमचे क्षार विरघळू लागतात. दंतवल्क म्हणजे दाताचे बाहेरचे पांढरे, कठीण कवच. लाळ ही हानी बऱ्याच अंशी भरून काढते, कारण तिच्यात तेच क्षार असतात. दातावर अशा रीतीने दिवसभर झीज आणि भरपाई यांचा व्यवहार चाललेला असतो. भरपाईला वेळ मिळाला तर दात टिकतो. झीजच वारंवार होत राहिली तर त्याला खड्डा पडतो.

हे समजले म्हणजे एक महत्त्वाचा नियम हाती येतो: साखर किती खाल्ली यापेक्षा ती किती वेळा खाल्ली, याला अधिक महत्त्व आहे. जेवणासोबत एकदा खाल्लेल्या गोडापेक्षा दिवसभर थोडेथोडे चाखलेले गोड दाताला अधिक बाधते. दुधाच्या दातांचे दंतवल्क कायमच्या दातांच्या मानाने सुमारे निम्म्या जाडीचे असते. त्यामुळे त्यांच्यात कीड लवकर खोल जाते.

रात्रीचे दूध

झोपेत लाळ स्रवणे जवळजवळ थांबते, म्हणजे भरपाईचे काम बंद पडते. अशा वेळी बाळाच्या तोंडात दुधाची बाटली राहिली तर दूध वरच्या पुढच्या दातांभोवती साचून राहते. खालचे पुढचे दात जिभेखाली झाकलेले आणि लाळेने भिजलेले असल्यामुळे बहुधा वाचतात. वरचे चार दात किडलेले आणि खालचे स्वच्छ, हे चित्र दंतवैद्याला पाहताक्षणी ओळखू येते.

दुधात स्वतःची एक शर्करा असते. तथापि ती साध्या साखरेइतकी घातक नाही. अपाय वाढतो तो त्यात घातलेल्या साखरेने. म्हैसूरपासून अवघ्या चाळीसेक किलोमीटरांवर मंड्या हे शहर आहे. तेथील साखर कारखाना १९३३ सालचा. भोवताली उसाचा मुलूख. पश्चिम महाराष्ट्राप्रमाणेच तेथेही साखर आणि गूळ घरात मुबलक, आणि बाळाच्या वाटीत गोड घालणे हे मायेचे लक्षण. कर्नाटकात बाळाला नाचणीची पातळ लापशी देतात, तिला तेथे रागी सरी म्हणतात. महाराष्ट्रात नाचणीचे सत्त्व देतात. अन्न उत्तमच आहे. म्हैसूरच्या संस्थेत मोड आणून भाजलेल्या नाचणीपासून लहान मुलांसाठी पचण्यास हलके अन्न तयार करण्यावर मोलाचे संशोधन झाले आहे. पण त्याच वाटीत साखर किंवा गूळ पडला की दातावरील जंतूंना मेजवानी मिळते. गूळ साखरेपेक्षा 'औषधी' म्हणून दातांना चालतो असे नाही. जंतूंच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. एक वर्षाच्या आतील बाळाला साखर किंवा गूळ देण्याची गरजच नसते. न दिल्यास त्याला त्याची उणीवही भासत नाही, कारण गोडाची ओढ पुष्कळशी सवयीने वाढते.

मध चाटविणे, चोखणी मधात बुडवून देणे, गोड औषध पाजून लगेच निजविणे, याही गोष्टी टाळाव्यात. पहिल्या वर्षात मध तर मुळीच देऊ नये. त्यातून एका गंभीर विषबाधेचा धोका असतो. औषध गोडच असेल तर ते दिल्यावर दात पुसून घ्यावेत.

आईच्या दुधाविषयी मात्र गैरसमज होता कामा नये. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध आणि नंतर पूरक आहारासह दोन वर्षे व त्यापुढेही स्तनपान, हाच जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. दातांच्या भीतीने स्तनपान तोडू नये. वर्षानंतर बाळ रात्री वारंवार पीत असेल तर निजण्यापूर्वी दात नीट घासणे आणि दिवसा साखर टाळणे, या दोन गोष्टी अधिक कटाक्षाने पाळाव्यात, इतकेच. बाटलीची सवय असल्यास साधारणतः वर्षाच्या सुमारास ती सोडवून पेला हाती द्यावा. ती सुटेपर्यंत रात्री बाटलीत पाण्याखेरीज काही घालू नये.

आरंभ केव्हा आणि कसा?

दात येण्यापूर्वी स्वच्छ, ओल्या, मऊ फडक्याने हिरड्या दिवसातून एकदा हलकेच पुसाव्यात. त्या वयात याचा मुख्य उपयोग सवयीचा आहे: तोंडात आपल्या माणसाचे बोट फिरणे बाळाला परके वाटेनासे होते.

पहिला दात दिसला की त्याच दिवसापासून घासणे सुरू करावे. ब्रशचे डोके लहान, तंतू अगदी मऊ असावेत. टूथपेस्ट घ्यावी ती तांदळाच्या दाण्याएवढीच. तीन वर्षांनंतर मटारच्या दाण्याएवढी घेण्यास हरकत नाही. जाहिरातीत ब्रशभर पसरलेली पेस्ट दिसते, ती मुलांसाठी योग्य नव्हे.

या प्रमाणाचे कारण फ्लुओराइड हे आहे. हा क्षार दंतवल्काची भरपाई जलद करतो आणि अम्लापुढे त्याला अधिक टिकाऊ बनवितो. भारतातील नियमानुसार टूथपेस्टमध्ये त्याचे प्रमाण दशलक्ष भागांत १००० भागांहून अधिक असता कामा नये, आणि ते वेष्टनावर छापावे लागते. तांदळाच्या दाण्याएवढ्या पेस्टचे वजन सुमारे ०.१ ग्रॅम धरले, तर तिच्यात फ्लुओराइड सुमारे ०.१ मिलिग्रॅम भरते. लहान मुलाला थुंकता येत नाही, ते पेस्ट गिळते. म्हणून मात्रा इतकी अल्प ठेवावयाची. घासल्यावर उरलेला फेस फडक्याने पुसला तरी पुरे. चूळ भरविण्याची गरज नाही.

पाण्यातून फ्लुओराइड अति प्रमाणात पोटात गेले तर दातांवर डाग पडतात आणि पुढे हाडांनाही विकार होतो. म्हैसूर शहर कावेरी व कबिनी या नद्यांचे पाणी पिते. पण कर्नाटकातील कोलार, महाराष्ट्रातील यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांच्या काही भागांत विहिरींच्या व कूपनलिकांच्या पाण्यात ते मर्यादेबाहेर आढळते. अशा गावांतील पालकांनी पाणी तपासून घ्यावे आणि पेस्टविषयी दंतवैद्याचा सल्ला घ्यावा.

राखुंडी, कोळशाची पूड, मीठ किंवा खरखरीत मंजन बाळाच्या दातांना लावू नये. पातळ दंतवल्क त्याने खरवडले जाते. मिश्रीविषयी तर बोलावयासच नको. ती भाजलेली तंबाखू होय. तंबाखूयुक्त दंतमंजनावर १९९२ साली बंदी आली, तरी घरी भाजलेल्या मिश्रीची सवय पुष्कळ घरांत टिकून आहे. त्या बोटाने बाळाच्या हिरड्या चोळणे म्हणजे त्याला तान्हेपणीच व्यसनाची दीक्षा देणे होय.

घासण्याची सोपी बैठक अशी: एकाने बाळाचे डोके आपल्या मांडीवर घ्यावे, दुसऱ्याने समोर गुडघ्याला गुडघा लावून बसावे व त्याचे हात धरावेत. एकट्या आईने बाळाला मांडीवर आडवे घेतले तरी चालते. न्हाऊ घालताना आजी घेते तसेच. एका हाताच्या बोटाने वरचा ओठ उचलावा आणि ब्रश हिरडीच्या कडेजवळ लहान लहान हालचालींनी फिरवावा. कीड प्रथम तेथेच धरते. नंतर आतली बाजू, मग दाढांचा चावण्याचा भाग. दोन-चार दात असतात तेव्हा अर्धा मिनिट पुरतो. संच पुरा झाल्यावर दोन मिनिटे द्यावीत. सकाळी एकदा आणि रात्री शेवटचे दूध पिऊन झाल्यावर एकदा. दोहोंपैकी रात्रीची वेळ कदापि चुकवू नये.

सवय कोणाला लावावयाची?

मुलाला दात घासण्याची सवय लावावी, असे आपण म्हणतो. वास्तविक पहिली काही वर्षे ही सवय लागावयास हवी ती घरातील मोठ्या माणसांना. मुलाच्या बोटांत ब्रश नीट फिरविण्याचे कौशल्य सात-आठ वर्षांपर्यंत येत नाही. ज्याला बुटाची नाडी बांधता येत नाही त्याला दाढेची मागची बाजूही घासता येत नाही. तोवर ते काम पालकांचेच.

नवी सवय जुन्या सवयीला बांधली म्हणजे टिकते. रात्रीचे दूध, मग दात, मग अंगाई, मग झोप, असा क्रम एकदा ठरला की तो मोडू नये. क्रम ठरलेला असला की पुढे काय होणार हे बाळाला कळते, आणि जे कळते त्याची भीती उरत नाही. दूध पिता पिता झोपणाऱ्या बाळाच्या बाबतीत दूध थोडे आधी द्यावे.

तरीही दीड-दोन वर्षांचे मूल तोंड मिटून घेते, ब्रश चावते, रडते. हा हट्ट त्या वयाचा धर्म आहे. त्यात आईचा दोष नाही आणि मुलाचाही नाही. एक ब्रश त्याच्या हातात द्यावा, दुसरा आपल्या हातात ठेवावा. आधी त्याने बाहुलीचे किंवा बाबांचे दात घासावेत, मग आपली पाळी. एखादे ठरलेले गाणे संपेपर्यंत घासावयाचे, असा नेम करावा. एखाद्या रात्री दहा सेकंदच मिळाले तर तेवढ्यात वरचे पुढचे दात आटोपून घ्यावेत. पण अजिबात सोडून देऊ नये. 'घासलेस तर चॉकलेट देईन' हे आमिष सवयीच्या मुळावरच येते. त्याचप्रमाणे 'ऐकले नाहीस तर दात काढायला नेईन' ही धमकीही देऊ नये. तिच्यामुळे दंतवैद्याची भीती जन्मभर राहते.

एकत्र कुटुंबात हे काम एकट्या आईचे नसते. आईने कष्टाने घासलेल्या दातांवर आजोबांनी निजताना पेढ्याचा तुकडा ठेवला तर सारे श्रम वाया जातात. घरातील सर्वांनी मिळून एकच नियम ठरवावा: दात घासल्यानंतर पाण्याखेरीज काही नाही. मोठ्यांनी स्वतःच्या तोंडाचीही निगा राखावी. दात किडविणारे जंतू बाळाच्या तोंडात बहुधा घरच्याच माणसांच्या लाळेतून जातात. म्हणून त्याचा चमचा आपल्या तोंडात घालून चाखू नये.

पांढरी रेघ

महिन्यातून एकदा उजेडात बाळाचा वरचा ओठ उचलून पाहावे. हिरडीलगत दातावर खडूसारखी निस्तेज पांढरी रेघ दिसली तर ती किडीची पहिली पायरी समजावी. या अवस्थेत दात अद्याप फुटलेला नसतो. नीट घासणे, गोड कमी करणे आणि दंतवैद्याने लावलेला फ्लुओराइडचा लेप, एवढ्याने पुष्कळदा ती थोपविता येते. रेघ तपकिरी झाली, खड्डा पडला, की उपचार वाढत जातात. फारच लहान मुलाच्या अनेक दातांवर उपचार करावयाचे झाल्यास कधी कधी त्याला पूर्ण भूल द्यावी लागते. अर्ध्या मिनिटाच्या घासण्याने जे टळले असते, त्यासाठी शस्त्रक्रियेच्या खोलीपर्यंत जावे लागते.

दात येताना हिरडी किंचित सुजते, लाळ गळते, मूल किरकिरते. परंतु मोठा ताप आणि जुलाब 'दातांमुळेच' म्हणून अंगावर काढू नयेत. त्यांचे कारण निराळे असते आणि त्यात दिरंगाई झाल्यास बाळाच्या जिवावर बेतू शकते. अशा वेळी डॉक्टरांकडेच जावे.

दंतवैद्याची पहिली भेट पहिल्या वाढदिवसापूर्वी व्हावी. म्हैसूर येथे १९८६ साली स्थापन झालेल्या जेएसएस दंत महाविद्यालयात बालदंतचिकित्सेचा स्वतंत्र विभाग आहे. देशातील इतर दंत महाविद्यालयांतही असे विभाग आहेत. खेड्यातील पालकांसाठी २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत येते. त्याच्या तपासणीत दातांचाही समावेश आहे. पथक येईल तेव्हा मुलाचे तोंड आवर्जून दाखवावे.

टी. नरसीपूर येथील असो वा धारणी येथील, अंगणवाडीत बाळाचे वजन नेमाने घेतले जाते आणि तक्त्यावर त्याची नोंद होते. वजन घटले की घर जागे होते. त्या बाळाचा वरचा ओठ उचलून पाहण्यास तराजू लागत नाही, तक्ता लागत नाही. उजेड आणि एक बोट पुरते. तेवढे पाहणे आणि रात्री तांदळाच्या दाण्याएवढ्या पेस्टने दात घासणे, ही दोन कामे ज्या घरात रोजच्या दिवाबत्तीसारखी होऊन जातात, त्या घरातील मूल दातदुखीने रात्री रडत उठण्याचा प्रसंग सहसा येत नाही.